शून्याचं टोक

लखनौच्या विमा कार्यालयात मी रुजू झाले त्या दिवशी सगळ्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मी 'सांगली' म्हटल्यावर बहुतेकांनी "अच्छा, मुंबई के पास," असं म्हणून विषय मिटवला. एका माणसाने काहीच विचारलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावरून ते उठले, शर्टाच्या खिशातून पोलादी टेप काढली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि अस्सल नागपुरी मराठीत म्हणाले, "हे धरा. शून्य हलू देऊ नका."

मी धरलं. नवीन नोकरी, नवीन शहर, कोण काय अधिकाराचा माणूस आहे ठाऊक नाही. कोणी झाडू दिला असता तरी मी धरला असता. ते माझ्या टेबलाच्या कडेने मागच्या खांबापर्यंत गेले, वाकून आकडा पाहिला आणि टेप सर्रकन मिटवली.

"नाही बसत," ते म्हणाले. "हा खांब नसता तर तुमचं टेबल फिरवलं असतं. दाराकडे पाठ करून बसलेलं माणूस मला पाहवत नाही. मागून कोणी येते अन् माणूस दचकते."

एवढं बोलून ते आपल्या जागी जाऊन बसले. मला वाटलं, हे इमारत विभागाचे असतील. दुपारी कळलं की ते मोटार क्लेम विभागात आहेत. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, सर्व्हेअरचा अहवाल वाचायचा, दावा मंजूर करायचा नाहीतर प्रश्न विचारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. कितीतरी वर्षं ते हेच करत होते. बढती आली की नाकारायचे, कारण बढतीबरोबर बदली येते.

त्यांचं नाव मी सांगत नाही. अलीगंजातल्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणत, मीही आठवड्याभरात म्हणू लागले, आणि त्यांनीही मला 'अहो'वरून 'तू'वर आणलं.

काकांचं खरं काम नेपथ्याचं. मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी एक नाटक होई, एकच प्रयोग, आणि त्याचा सेट काका करत. वर्षातले उरलेले सगळे दिवस त्या एका संध्याकाळची तयारी. पण त्यांच्या डोक्यातला रंगमंच तेवढ्यावर थांबत नसे. ते जिथे जात तिथे आधी खोली बघत, मग माणसं. डॉक्टरच्या दवाखान्यात बसल्या बसल्या म्हणायचे, "या बाकावर पेशंट बसला की अर्धा तिथेच मरते. उजेड डोक्यावरून येऊन राहिला ना." लग्नाच्या स्वागतसमारंभात नवरा-नवरीचा सोफा त्यांनी भर पाहुण्यांत सरकवायला लावला होता. का, तर मागच्या दिव्यांमुळे नवरा गुन्हेगार दिसतो! मुलीकडची माणसं चिडली. मग फोटो आले तेव्हा त्यांचाच फोन आला की मुंजीलाही तुम्हीच या. आमचे शाखाधिकारी सकाळी केबिनमध्ये शिरले की काका हळूच पुटपुटत, "एंट्री पडली."

मी सुरुवातीला त्यांना वैतागायचे. खोटं कशाला बोलू? कामाच्या ढिगाऱ्यात डोकं घालून बसलेलं असताना कोणी येऊन "हे टोक धर गं जरा" म्हणायला लागलं की कुणालाही राग येईल. पण एक प्रसंग असा झाला की मी राग गुंडाळून ठेवला.

शाखाधिकाऱ्यांची आई वारली. ते जुने लखनवी गृहस्थ, बोलणं मऊ, समोरच्याला कधी 'तुम' म्हणणार नाहीत. आम्ही सगळे भेटायला गेलो. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या, सगळे समोरासमोर, आणि साहेब मधोमध उभे. येईल त्याला नमस्कार करायचा, "तशरीफ़ रखिए" म्हणायचं, चहा आला का ते बघायचं. आई गेली आहे की मुलीचं लग्न ठरलं आहे, कळू नये. काका दारात थबकले. माझ्या कानाशी म्हणाले, "पाहून राहिली? या माणसाला रडायला जागाच नाही इथे."

मग त्यांनी काय केलं? एक खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली, पाठ अर्धी खोलीकडे. तिच्या शेजारी एकच मोडा, वेताचं बुटकं स्टूल. पडदा थोडा ओढला. कोणाला न विचारता साहेबांचा हात धरून त्यांना तिथे बसवलं. भेटायला येणारा एकेक जण मोड्यावर बसू लागला, हळू बोलू लागला. बाकीचे आपोआप गप्प झाले. थोड्या वेळाने साहेबांचे खांदे हलताना दिसले. कितीतरी दिवसांनी ते मला म्हणाले, "उस रोज़ हम पहली बार बैठकर रो पाए। भाईसाहब ने कुर्सी न रखी होती तो हम शायद खड़े ही रह जाते।"

त्यानंतर मी टेपचं टोक बिनतक्रार धरू लागले.

काकांच्या सेटला लाकूड लागे आणि मंडळाकडे पैशांच्या नावाने आनंद. म्हणून काकांनी लखनौजवळचं मलिहाबाद शोधून काढलं. दशहरीचा हंगाम संपला की तिथल्या बागांत आंब्यांच्या रिकाम्या लाकडी पेट्या पडून असतात, फुटक्या, तिरक्या, कोणाला नको असलेल्या. काका टेम्पो घेऊन जायचे आणि त्या गोळा करून आणायचे. त्यांच्या फळ्या सुट्या करून भिंती, जिने, पलंग, एकदा तर अख्खी न्यायालयाची खोली त्यांनी उभी केली होती. रंग लागला की कोण म्हणेल पेट्या आहेत म्हणून. पण जवळ गेलं की भिंतींना आंब्याचा वास.

आणि या वासानेच एकदा घात केला. मी लखनौत आले त्याच वर्षीची गोष्ट. नाटक करुण होतं. शेवटच्या अंकात म्हातारे वडील पलंगावर गतप्राण झालेले, लेक पायाशी बसून हंबरडा फोडतोय. वडिलांचं काम करणारे गृहस्थ बँकेत मॅनेजर होते आणि मेलेल्या माणसाचा अभिनय त्यांना उत्तम साधला होता. पण त्या वर्षी घाई झाली होती, पेट्या न धुताच वापरल्या होत्या आणि पलंगाच्या फळ्यांना पिकल्या दशहरीचा रस तसाच चिकटलेला होता. आधी प्रेताचा अंगठा हलला. मग गुडघा. लेकाने रडण्याचा आवाज वाढवला. मग प्रेताने हळूच हात धोतराखाली नेला आणि खाजवलं. तेवढ्यात लेकालाच मुंग्यांनी गाठलं आणि तो "बाबा!" म्हणून असा काही किंचाळला की तसा तालमीत एकदाही किंचाळला नव्हता. पहिल्या रांगेत हसण्याचा फवारा उडाला, आणि तो उडवणाऱ्या बाई म्हणजे आमच्या काकूच, काकांच्या धर्मपत्नी.

मंडळी काकांवर तुटून पडली. काका शांत. म्हणाले, "मुंग्यांना सेट खरा वाटला, मी काय करू?" पण पुढच्या वर्षापासून नियम झाला. पेट्या सोड्याच्या पाण्यात धुवायच्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवायच्या, मगच फळ्या काढायच्या. "पेट्या धुतल्या का?" हा प्रश्न ते श्रावणभर भेटेल त्याला विचारत, अगदी ज्यांचा नाटकाशी काही संबंध नाही त्यांनाही.

दुसरा नियम मोडण्याचा. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेट सुटा करायचा म्हणजे करायचाच. "ठेवला की त्याचं फर्निचर होते," असं काका म्हणत. फळ्या मंडळातल्या लोकांनी घरी न्यायच्या. अलीगंजातल्या मराठी घरांत तुम्ही गेलात तर चपलांचं कपाट, कुंड्यांची मांडणी, देवघराचा पाट, यांपैकी काहीतरी नक्की पूर्वी राजवाडा नाहीतर तुरुंग असतं. माझ्या स्वयंपाकघरातली मसाल्याची फळी हा त्या मेलेल्या वडिलांच्या पलंगाचा तुकडा आहे. मी तो धुऊन घेतला आहे.

एवढा मोठा कारागीर दिवसभर मोडक्या बंपरांचे फोटो बघत बसतो, याचा मला त्रास व्हायचा. त्यांना होत नव्हता असं नाही. दुपारी चारच्या सुमाराला त्यांचा चेहरा उतरलेला दिसे. खिडकीबाहेर बघत बोटांनी टेप थोडी बाहेर काढायची, आत सोडायची, बाहेर काढायची. पण नोकरीला नावं ठेवली की चालत नसे. मी एकदा चिडून म्हणाले, "काका, या ऑफिसात माणसाचं लोणचं होतं."

"खाल्ल्या घरचे वासे मोजू नये," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "मी सगळ्यांच्या घरचे वासे मोजतो, पण या घरचे नाही."

"मग तुम्ही इथे सुखी आहात?"

"सुखी काहून असेन? पण ऐक. टेपचं एक टोक शून्याचं असते. ते कोणीतरी घट्ट धरून बसलं तरच दुसरं टोक लांब जाते. ही नोकरी म्हणजे ते शून्य. मी इथे धरून बसतो म्हणून तिकडे मंडळात जाऊन मोजता येते. आता बाप्पा, दोन्ही टोकांना मीच आहे, म्हणून लांब काही जात नाही, ती गोष्ट वेगळी."

हे शेवटचं वाक्य ते हसत बोलले. मला हसू आलं नाही.

पुढे असं झालं की मंडळातल्या एकांच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायला आली. वेब सिरीजच्या कला विभागात काम करणारी. लखनौत हल्ली शूटिंगवाल्यांचा राबता असतो, कुठली ना कुठली जुनी नवाबी कोठी त्यांनी अडवलेली असते. ती प्रसादाला म्हणून आली आणि नाटकाला थांबली. पडदा पडल्यावर सरळ रंगमंचावर चढली आणि भिंतीवर टकटक केली. "अंकल, ये आम की पेटियाँ हैं?" काकांनी मान डोलावली. तिने वाकून वासही घेतला. "हमारे साथ काम करेंगे?"

काकांनी रजा टाकली आणि गेले. परत आले तेव्हा हातांना रंग, डोळ्यांखाली काळं आणि चालणं असं की ओळखू येईना. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी अर्ज वाचून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाईसाहब, आप चले गए तो ये टूटी हुई गाड़ियाँ किसके सहारे रहेंगी?" आणि सही केली नाही. वर पाठवायला अजून अवधी आहे, विचार करा, असं सुचवून अर्ज आपल्याकडेच ठेवला.

आणि काका घाबरले. मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. शूटिंगवाल्यांचं पुढचं काम लांबलं होतं. काकांची लेक फार्मसी शिकत होती. काका ऑफिसात येत, बसत, आणि टेपला हात लावत नसत. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. काकू मेथी निवडत होत्या. काका एकदम म्हणाले, "उद्या अर्ज मागे घेतो."

काकूंचा हात थांबला नाही. "काहून?"

"त्या लोकांचं काय, आज आहे, उद्या नाही. पोरीचं शिक्षण आहे."

आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "पापा, मेरे नाम पे मत डालो ना यार। मैं देख लूँगी अपना।" या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

काकूंनी मेथीची ताटली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि काकांच्या खिशातून टेप काढली. त्या अलीगंजातल्याच एका छोट्या शाळेत गणित शिकवतात, कमी बोलतात, नाटकाच्या त्या दिवसाखेरीज मी त्यांना मोठ्याने हसतानाही पाहिलेलं नव्हतं. टेपचं टोक त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीला अंगठ्याने दाबून धरलं आणि डबी काकांच्या हातात दिली.

"जा," त्या म्हणाल्या. "किती लांब जायचं आहे ते जा."

"अगं, ही ऑफिसातली पोरगी बसली आहे समोर, काय करून राहिली तू?"

"सगळ्यांना सांगत फिरता ना शून्याचं टोक, शून्याचं टोक? इतकी वर्षं तुम्ही धरून बसले. मी काय आंधळी आहे? आता मी धरते. माझा पगार लहान आहे, पण हात पक्का आहे."

काका उभे राहिले. डबी घेऊन मागे मागे गेले, बैठकीतून, व्हरांड्यातून, पायरी उतरून फाटकापर्यंत. तिथे टेप संपली. ते फाटकाशी उभे, काकू चौकटीशी, मधे ती पिवळी पट्टी थरथरत होती. मी मेथीच्या ताटलीकडे बघत बसले, कारण मला रडू येत होतं आणि ती खोली रडण्यासाठी मांडलेली नव्हती. सोमवारी साहेबांनी सही केली.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, हार, आणि भाषणांत "हमारे बीच से जा रहे हैं" असे शब्द, जणू माणूस वारलाच. काकांनी सकाळी लवकर येऊन खुर्च्या हलवून ठेवल्या होत्या. स्वतःची खुर्ची दाराच्या अगदी जवळ. भाषणं संपली तसे ते उठले, नमस्कार केला आणि दोन पावलांत बाहेर. रेंगाळणं नाही, गळ्यात पडणं नाही. साहेब म्हणाले, "क्या एग्ज़िट है!" म्हणजे त्यांनाही ती पुटपुट इतकी वर्षं ऐकू येत होती तर.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला. अमौसीला विमानतळाजवळच्या एका गोदामात सेट लागला आहे, पाहायला ये. मला वाटलं, नवाबी महाल असेल, झुंबरं असतील. रविवारी गेले. काकांनी एक मळकट पडदा बाजूला केला आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

समोर आमचं ऑफिस होतं.

"यांच्या गोष्टीत विम्याचं ऑफिस आहे," काका म्हणाले. "पळून पळून कुठे आलो पाहा."

साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. कपाटावर ठेवलेल्या फायलींच्या गठ्ठ्याला मधे पडलेला बाक. दोरीने टेबलाला बांधलेला स्टेपलर. भिंतीवर माणसं डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग, तो सुद्धा बरोबर बसायच्या बाकड्याच्या वर. पाण्याच्या फिल्टरखाली ठेवलेली बादली. मी हे सगळं रोज बघत होते आणि एकही गोष्ट पाहिलेली नव्हती. या माणसाला ऑफिसात रस नाही असं आम्ही सगळे समजत होतो. वासे मोजत नाही म्हणणाऱ्याने प्रत्येक वासा मोजून ठेवला होता, आणि तोही राग धरून नव्हे. तिथे कुठेही थट्टा नव्हती. इतकी वर्षं जिथे बसून आपण कुढतो ती जागाही कोणीतरी जीव लावून बघण्याजोगी असते, हे मला त्या गोदामात कळलं, आणि काकांबद्दल इतका अभिमान वाटला की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, त्यांना आवडलं नसतं.

माझं टेबलही होतं. खुर्चीवर माझ्यासारखीच निळी शाल, टेबलाखाली स्टीलचा डबा. पण टेबल खांबाशेजारी तिरपं लावलेलं होतं, आणि खुर्चीचं तोंड दाराकडे.

"तिरपं लावलं की बसते," काका थोडे ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं मी सरळच मोजून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात टेबल तिरपं केलं. बसलं. साहेबांनी येता येता पाहिलं आणि केबिनमध्ये शिरण्याआधी जरा थांबून मला त्यांची एंट्री बघू दिली.

या वर्षी श्रावणात काका बनारसला शूटिंगवर होते. मंडळाने विचारलं तेव्हा त्यांनी फोनवर मला सांगितलं, "सेट तू कर."

"काका, मला काही येत नाही. मी फक्त टोक धरलं आहे."

"मग तुला सगळं येते. मोजणाऱ्याचं चुकलं की आधी धरणाऱ्याला कळते. अन् पेट्या धू."

मी मलिहाबादला गेले, पेट्या आणल्या, सोड्यात धुतल्या, घरमालकिणीची बोलणी खाऊन गच्चीवर वाळवल्या. एका साध्या घराची बैठक उभी करायची होती, दोन भिंती, एक खिडकी, एक दार. ऑफिस सुटल्यावर रोज तेच काम. हात सोलवटले, एकदा भिंत माझ्याच अंगावर आली, आणि मी इतक्या आनंदात कधीच नव्हते. कोणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी काका स्टेशनवरून थेट हॉलवर आले, हातात पिशवी तशीच. रंगमंचावर चढले. भिंतीवर टकटक केलं, फळीला नाक लावलं. "धुतल्या?"

"धुतल्या."

मग खिडकीसमोर उभे राहिले. बराच वेळ. मला ती खिडकी जरा उंच झाल्यासारखी वाटत होती, पण खात्री नव्हती. ते आता सांगतील, मग मी दुरुस्त करीन, असं ठरवून मी वाट बघत राहिले. शेवटी मीच खिशातून टेप काढली. शून्य धरायला कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे हारफुलांत गुंतलेले.

काकांनी पिशवी खाली ठेवली. गुडघ्यांवर हात देऊन सावकाश खाली बसले, माझ्या हातून टोक घेतलं आणि अंगठ्याने जमिनीवर दाबून धरलं.

"माझ्याकडे काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "मोज. मी धरलं आहे."